बीड वाकत नाही

आमच्या बुचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी जेवताना सहज विचारलं, "तू गोल्फ खेळतोस ना?" मी "हो" म्हणून बसलो. खेळतो म्हणजे काय, तर तोक्योच्या निशिकासाईतल्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर एक उंच जाळीचं मैदान आहे. अशा जागेला इथं उचिप्पानाशी म्हणतात. तिथं दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी चेंडू बडवत होतो. यंत्रात कार्ड सरकवलं की चटईच्या भोकातून चेंडू आपोआप वर येतो, तुम्ही मारता, पुढचा येतो. वाकायचीही तसदी नाही. खऱ्या मैदानावर मी तोवर फक्त तीनदा गेलो होतो. पण "हो" तोंडातून गेलं आणि नोव्हेंबरातल्या ऑफिसच्या कोम्पेत माझं नाव लागलं. कोम्पे म्हणजे कॉम्पिटिशन. जपानी लोक इंग्रजी शब्दाचं शेपूट कापून टाकण्यात पटाईत आहेत.

माझ्याकडचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, पुण्याला परत गेलेल्या एका सहकाऱ्यानं जाताना १२ हजार येनला विकलेले. स्टेनलेस स्टीलचे, ओतीव. उजवीकडे जाणारा चेंडू ही त्यांची खासियत, किंवा माझी. मी ठरवलं, नोव्हेंबरपर्यंत नीट क्लब घ्यायचे. जपानात राहतोय, तर जपानीच घ्यायचे.

त्या रविवारी कोल्हापूरला फोन केला तेव्हा आण्णांना सांगितलं. आण्णांनी ३४ वर्षं आधी उद्यमनगरात आणि मग शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काढली. गोल्फशी त्यांचा संबंध शून्य. पण लोखंड म्हटल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ओतलेलं हाय का घडलेलं?"

मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. पुढचे आठ महिने त्या प्रश्नाच्या मागं गेले.

सुरुवात मोठ्या दुकानापासून केली. कांदा-ओगावामाचीचा पट्टा खेळाच्या दुकानांसाठी जुना प्रसिद्ध आहे. तिथं एका मजल्यावर भिंतभर आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब, लावलेले. पहिली गंमत वाटली ती नावांची. गोल्फचे क्लब बनवतंय कोण? ब्रिजस्टोन. म्हणजे टायर. शेजारी स्रिक्सन आणि झेक्सिओ, दोन्ही सुमितोमो रबरचे. म्हणजे पुन्हा टायर. प्रोगिअर? योकोहामा रबर. तिसरं टायर. पुढं योनेक्स दिसल्यावर मात्र मी शाळेतला मित्र भेटल्यासारखा थांबलो. आपल्याकडे योनेक्स म्हणजे बॅडमिंटन, सोसायटीच्या आवारात ट्यूबलाइटखाली फाटेपर्यंत वापरलेलं प्लॅस्टिकचं शटल. या कंपनीची सुरुवात १९४६ साली निगाता प्रांतात मासेमारीच्या जाळ्यांना लावायचे लाकडी तरंगे बनवण्यातून झाली हे मला इथं येऊन कळलं. गोल्फमध्ये ते १९८२ साली उतरले. त्याच वर्षी पियानोवाल्या यामाहानंही गोल्फचे क्लब काढले होते. त्यांनी २०२४ साली तो धंदा बंद केला, त्यामुळं त्यांचे क्लब त्या भिंतीवर सवलतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या लावून उभे होते. चांगला माल निरोपाच्या रांगेत उभा बघून वाईट वाटतं.

आणि मिझुनो. ओसाकात १९०६ साली सुरू झालेली, १९३३ पासून गोल्फचे क्लब बनवणारी. टायगर वूड्स उमेदीच्या काळात यांचेच आयर्न वापरायचा. ब्रूक्स केप्कानं २०१७ आणि २०१८ चं यूएस ओपन जिंकलं तेव्हा त्याच्या पिशवीत मिझुनोच होते. जगभरच्या गोल्फवाल्यांना 'जपानी आयर्न' म्हटलं की आधी हेच नाव आठवतं.

त्या दुकानातल्या विक्रेत्यानं माझं 'फिटिंग' दहा मिनिटांत उरकलं. जाळीत सहा चेंडू मारायला लावले, पडद्यावर आकडा दाखवला: हेड स्पीड ४१, म्हणजे क्लबच्या डोक्याचा वेग. इथं तो मीटर प्रति सेकंदात मोजतात आणि लोक तो रक्तदाबासारखा सांगत फिरतात. मग त्यानं एक आयर्न हातात दिला. सात नंबर. मारला, तर माझ्या जुन्या सात नंबरपेक्षा १५ यार्ड पुढं. मी खूश, तोही खूश, कॅल्क्युलेटर बाहेर.

नशीब, खिसा त्या दिवशी हलका होता. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा ट्यूब पेटली. सात नंबर ही नुसती तळाशी कोरलेली खूण. खरी गोष्ट लॉफ्टची, म्हणजे तोंड किती मागं झुकलंय त्याची. मिझुनो प्रो २४१ हा कसलेल्या खेळाडूंचा पातळ आयर्न, त्याच्या सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंश. त्याचाच भाऊ २४३, त्यात ३२. २४५ मध्ये ३०. झेक्सिओत तो २८ च्या घरात. म्हणजे जुन्या हिशोबानं जो पाच-सहा नंबर, त्यावर ७ लिहिलेलं. चेंडू लांब जाणारच. एस टी च्या लाल डब्यावर 'शिवनेरी' लिहिल्यासारखं म्हणणार होतो, पण ते अन्यायाचं होईल. कारण झेक्सिओ बनवणारे यातून फसवत नाहीत. वजन खाली नेऊन ते तो चेंडू उंचही उडवतात, आणि साठीच्या माणसाला त्याची गरज असते. आमचे बुचो दर दोन वर्षांनी नवीन झेक्सिओ निघाला की घेतात आणि मनापासून सुखी आहेत. मला मात्र विक्रेत्यानं हे सांगायला हवं होतं.

माझ्या टीममधला एक जण हौशी खेळाडू आहे. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तू जि-कुराबु बघ." हा शब्द मला भारी आवडला. जपानीत जिझाके म्हणजे त्या-त्या गावची साके, मोठ्या कंपनीची नव्हे, तिथल्या पाण्याची, तिथल्या तांदळाची. त्याच चालीवर जि-कुराबु, गावचे क्लब. आपल्याकडे गावरान कोंबडी, गावरान तूप म्हणतो तसे गावरान क्लब. आणि आपल्यासारखीच इथंही गावरान म्हणजे स्वस्त नाही, महाग. ते मोठ्या दुकानात सहसा नसतात. छोट्या कार्यशाळांत, ज्यांना कोबो म्हणतात, तिथं मिळतात. तिथला कारागीर आधी तुम्हाला बघतो, मग हेड (डोकं), शाफ्ट (दांडा), ग्रिप (मूठ) वेगवेगळे निवडून तुमच्यासाठी क्लब जोडतो.

यातली नावं वाचायला लागलो तर आठवडे गेले. हिमेजीचं मिऊरा, त्सुबामेचं एपॉन, ताकासाकीचं फोर्टीन. होनमा यात मोडतं का यावर तर लोक तावातावानं भांडतात. ती कंपनी मोठी आहे, पण यामागाता प्रांतातल्या साकाता गावचा तिचा कारखाना आणि ताऱ्यांच्या दर्जाचे, सोन्याचा मुलामा दिलेले क्लब यांमुळं ती मधेच लटकते. पंतप्रधान शिंझो आबेंनी नोव्हेंबर २०१६ मध्ये नुकत्याच निवडून आलेल्या ट्रम्पना भेट दिला तो सोनेरी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब टोल्याचा क्लब, होनमाचाच. मला सोन्याचा क्लब घेऊन उजवीकडे चेंडू घालवायची हिंमत नव्हती, म्हणून होनमा मी यादीतून काढलं. एवढाच माझा निकष, त्यात फार विद्वत्ता नाही.

जूनच्या एका शनिवारी कोबोत गेलो. गल्लीतलं दुकान, वर घर, खाली कार्यशाळा. तेलाचा आणि गरम गोंदाचा वास. साधारण सत्तरीचे मालक, कपाळावर चष्मा. माझ्याकडं बघितलं, उंची विचारली (१८४), आणि पहिलं वाक्य: "जुने क्लब आणलेत का?" मी नव्यांसाठी आलो होतो, जुने गाडीत कशाला आणेन? त्यांनी परत पाठवलं. पुढच्या शनिवारी जुने घेऊन या.

ते मी केलं, आणि तिथंच खरं शिक्षण झालं.

त्यांनी माझ्या जुन्या सात नंबरच्या तळाला निळी चिकटपट्टी लावली आणि जमिनीवरच्या एका कडक प्लॅस्टिकच्या फळीवरून चेंडू मारायला लावले. पट्टीवरचा घासल्याचा डाग मधोमध यायला हवा. माझा डाग टोकाकडं. म्हणजे मी मारताना क्लबचं टोक आधी जमिनीला लागत होतं, टाच हवेत. टोक अडखळलं की तोंड उघडतं आणि चेंडू उजवीकडं जातो. दोन वर्षं मी खांद्याला, मनगटाला, नशिबाला दोष देत होतो. मालक म्हणाले, "तुम्ही उंच आहात. क्लबची मान, म्हणजे दांडा बसतो तो भाग, दोन अंश उभी हवी." मी म्हणालो, मग वाकवा ना. त्यांनी हेडवर नखानं टिचकी मारली. हे ओतीव स्टेनलेस आहे, कडक. अर्धा-एक अंश कदाचित जाईल, जास्त जोर लावला तर मान जाईल.

संध्याकाळी आण्णांना फोनवर हे सांगितलं. तिकडून हसू. "आरं, बीड न्हाई वाकत, मोडतंय. ह्ये तुला आठवीत सांगितलं हुतं." स्टेनलेस म्हणजे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नव्हे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, पण मुद्दा त्यांचा होता. ओतताना पातळ धातू साच्यात जातो, हवा तो आकार मिळतो, मागं पोकळी, तळाला जाडी, काहीही. म्हणून अवघड आकाराचे, चुका पोटात घालणारे आयर्न बहुधा ओतीव असतात. घडवताना मऊ, कमी कार्बनचं पोलाद लाल करून साच्यात ठोकायचं. आकारावर मर्यादा येतात, पण ते नंतर वाकतं. गोल्फच्या जाहिरातींत घडीव पोलादाच्या 'स्पर्शा'वर पानंच्या पानं खर्च होतात. मला विचाराल तर त्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा: ते तुमच्या अंगाप्रमाणं वाकवता येतं.

मग स्पर्शाची परीक्षा. जपानीत त्याला दाकान म्हणतात, मारल्यावर हातात येणारी जाणीव. दाकानच्या नावावर लोक महिन्याचा पगार खर्च करतात. मालकांकडं तीन सात नंबर होते: एक मिझुनो, एक मिऊरा, एक एपॉन. लॉफ्ट जवळपास सारखे निघतील असेच त्यांनी निवडलेले. तिन्हींना शाफ्ट एकच, निप्पॉन शाफ्टचा ९५०. १९९९ साली हा ९५ ग्रॅमच्या आसपासचा पोलादी शाफ्ट आला आणि १३० ग्रॅमच्या अमेरिकी शाफ्टशी झुंजणाऱ्या साध्या माणसांची सुटका झाली. लांबी सारखी, स्विंगवेट, म्हणजे फिरवताना जाणवणारं वजन, तेही सारखं. मागच्या बाजूवर काळी पट्टी चिकटवली, नाव दिसू नये म्हणून. वरून आकार बघून जाणकार ओळखेल. माझ्या बाबतीत तो धोका नव्हता.

तिन्ही क्लब फिरवून-फिरवून प्रत्येकी पाच चेंडू. मला एक ठामपणे आवडला. लागला की एक भरीव, थोडा खालच्या पट्टीतला आवाज, पिकलेल्या कलिंगडावर थाप मारल्यासारखा. त्याच्या पाचपैकी चार वेळा मी "हाच" म्हणालो. पट्टी काढली, मिऊरा निघाला. मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागलो.

तेवढ्यात मालकांनी खणातून फोमचे इअरप्लग काढून दिले. "आता परत."

परत पंधरा. आणि मी पार आंधळा झालो. मध्यावर लागला की तिन्ही लोणी, टोकाला लागला की तिन्ही हाताला झिणझिण्या. कोणता कुठला, काही पत्ता नाही. मालक तोंड न हलवता म्हणाले, "तुम्ही कानानं मारता. सगळेच मारतात."

हे ऐकून मिऊरा फुकटचा महाग आहे असा निष्कर्ष काढायला मी तयार होतो. मालकांनी तोही काढू दिला नाही. आवाज म्हणजे काही कमी गोष्ट आहे का, असा त्यांचा प्रश्न होता. मिझुनोही हेच करते. चेंडू लागल्यावर हेड कसं कंप पावतं, कोणता सूर किती वेळ टिकतो, हे मोजून ते जाडी ठरवतात. २०१९ च्या एमपी-२० या आयर्नमध्ये त्यांनी निकेल-क्रोमच्या मुलाम्याखाली तांब्याचा पातळ थर दिला. घडणीतही फरक आहेच. मिझुनो हिरोशिमात एकाच सळईतून मानेसकट अख्खं हेड घडवते, पोलादाचे धागे सलग राहावेत म्हणून. मिऊरा हेड आधी घडवते आणि मान नंतर वेगानं फिरवून घर्षणाच्या उष्णतेनं जोडते, कारण त्यांच्या मते असं केल्यानं प्रत्येक हेडचं वजन आणि मोजमाप हातात राहतं. दोघांचीही मतं ठाम, दोघांचेही क्लब उत्तम, आणि माझ्यासारख्या १०० च्या वर गुण करणाऱ्याला (गोल्फमध्ये गुण जितके कमी तितके चांगले) त्यांच्यात निवाडा करायचा अधिकार नाही.

वजनाचं मात्र मी डोळ्यांनी बघितलं. आयर्नच्या संचात एक नंबर चढला की क्लब अर्ध्या इंचानं आखूड होतो आणि हेड साधारण सात ग्रॅमनं जड. मालकांनी दुसऱ्या कुणासाठी आलेली मिऊराची सुटी हेडं एकेक करून काट्यावर ठेवली. पायऱ्या सात, सात, सात, सात. सराफाकडं गेल्यासारखं वाटलं. माझ्या जुन्या क्लबचं त्यांनी काही मोजलं नाही. शिष्टाचार असावा.

जुलै-ऑगस्टात तोक्योत गोल्फचा विचारही नको. ऑक्टोबरात मी एका शनिवारी पहाटेची जोएत्सु शिंकान्सेन पकडून त्सुबामे-सांजोला गेलो. तिथं दर वर्षी ऑक्टोबरात कारखाने लोकांसाठी दारं उघडतात. दोन गावं, एकच स्थानक, आणि स्थानकातच चाकू, चमचे, नखं कापायच्या कात्र्या काचेत मांडलेल्या. शिनानो नदीच्या पुरात शेतं बुडायची म्हणून एदो काळात इथले शेतकरी जोडधंदा म्हणून खिळे ठोकायला लागले. खिळ्यांवरून तांब्याची भांडी, मग तंबाखूच्या चिलमी, मग पाश्चात्त्य पद्धतीचे काटे-चमचे. नोबेल पुरस्काराच्या मेजवानीतले काटे-चमचे या गावचे. पहिल्या आयपॉडची आरशासारखी पाठ घासून चमकवली तीही इथल्याच पॉलिशवाल्यांनी.

एका लोहारशाळेत चाकू घडवताना बघत तासभर उभा राहिलो. यांत्रिक घण पडला की जमीन पायाला कळते. गरम पोलादाचा वास, पाण्यात बुडवल्याची फुसफुस. आण्णा असते तर त्यांनी त्या माणसाशी भाषेवाचून दोन तास गप्पा मारल्या असत्या. गोल्फच्या हेडचा कारखाना मला आतून बघायला मिळाला नाही. पण तो याच गावात आहे. एन्दो. १९५० पासूनचा. मोठमोठ्या ब्रँडची घडीव हेडं तो अनेक दशकं बनवत आला आहे, स्वतःचं नाव न लावता. एपॉन हे त्याचं घरचं नाव, खूप नंतर लावलेलं. मिऊराचीही गोष्ट तशीच. १९७७ सालची हिमेजीची ही कार्यशाळा, आणि कात्सुहिरो मिऊरांनी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या नावाचीच हेडं घडवली.

परतीच्या गाडीत एकिबेन, म्हणजे स्थानकावर मिळणारा डबा, खाताना माझ्या डोक्यातली मांडणी उलटीपालटी झाली. मी समजत होतो की एका बाजूला मोठे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला डोंगरात बसलेला एकांडा शिल्पकार. प्रत्यक्षात, होळीला अख्ख्या वाड्याच्या पुरणपोळ्या लाटून देणाऱ्या बाईनं एक दिवस स्वतःच्या नावाची पाटी लावावी, तसं हे जि-कुराबु. पोळी तीच, हात तोच. पाटी लावल्यावर मात्र ती आपल्या मनासारखं पुरण भरू शकते, कुणाच्या बजेटात बसवायला नको. फरक आहे, पण मी समजत होतो त्या जागी नाही. हिमेजीच्या लोखंडाला कान लावायची सवय तर गोल्फच्या कितीतरी आधीची. चिलखतं घडवणारं म्योचिन घराणं तिथं आता कोळसा उचलायचे लोखंडी चिमटे टांगून वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा बनवतं. मी एक विकत घेतली आहे, गॅलरीत आहे. शेजारीणबाईंची तक्रार अजून आलेली नाही.

आता हिशोब. पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या, उंच टोल्याचा क्लब) सहा मिऊरा, शाफ्ट आणि जोडणीसकट, अडीच लाख येनच्या वर जात होते. म्हणजे आपले सव्वा-दीड लाख रुपये. नवे मिझुनो प्रो दीड लाख येनच्या आसपास. इथं जुन्या क्लबचा बाजार इतका शिस्तीचा आहे की प्रत्येक क्लबला ए, बी, सी असा दर्जा आणि ओरखड्यांचा फोटो. त्यात मला मिझुनो प्रो २४३ चा बी दर्जाचा संच ८२ हजार येनला मिळाला. तो तसाच उचलून मी कोबोत नेला.

जाताना जीव धाकधूक. हॉटेलात बाहेरचं जेवण घेऊन जावं तसं वाटत होतं. मालकांनी संच बघितला, मान हलवली आणि कामाला लागले. पहिल्यांदा सगळ्यांचे लॉफ्ट मोजले. आधीच्या मालकानं चटईवर दणकून मारले असावेत, आठ आणि नऊ नंबरमधलं अंतर हवं त्यापेक्षा कमी, अडीच अंशांवर आलेलं. ते लोखंडी शिकंज्यात धरून, लांब दांड्यानं, अंगाचा भार हळू टाकत त्यांनी सरळ केलं. मग प्रत्येकाची मान दोन अंश उभी. दांडा दाबताना ते श्वास धरत होते आणि शेवटच्या क्षणी काट्याकडं न बघता थांबत होते. मग काटा बघायचा, बरोबर दोन. सहापैकी पाच वेळा. सहाव्याला पुन्हा थोडं. शाफ्ट अर्धा इंच लांब केले, ग्रिप जाड, कारण माझे पंजे मोठे. या सगळ्याचे ३४ हजार येन झाले, शाफ्ट धरून. शेवटी मी एक ५२ अंशांची वेज मात्र मिऊराचीच घेतली. हिरवळीजवळ ३० यार्डांवरून हलका टोला मारताना आवाज ऐकायला वेळ असतो. पाच नंबरला माझं लक्ष फक्त चेंडू हवेत जातोय का याकडं असतं, तिथं सूर कोण ऐकतो?

नवं कोरं, मोठ्या ब्रँडचं, जसं आहे तसं घेणाऱ्याला मी आता एवढंच सांगतो की पैसे ठेव बाजूला, आधी तळाला चिकटपट्टी लाव. अर्थात दुकानदाराच्या पोटावर पाय द्यायचा नाही, म्हणून हे हळू आवाजात सांगतो.

कोम्पे चिबा प्रांतात झाली. पिशवी आदल्या दिवशी कुरिअरनं गेली, इथं कुणी गोल्फची पिशवी घेऊन लोकल गाडीत धक्के खात नाही. नऊ होल झाले की तासभर जेवण, सगळं झालं की सामुदायिक गरम पाण्याचं स्नान. चेंडू सरळ जात होता. म्हणजे सरळ तळ्यात, सरळ झाडात, पण सरळ. १०८ झाले. आधीचा माझा आकडा ११९ होता. बुचोंनी पाचव्या होलवर माझा आयर्न हातात घेतला, उलटा करून बघितला, "हो, मिझुनो," म्हणाले आणि परत दिला. वेज त्यांनी बघितली नाही, मी बराच वेळ ती हातात धरून उभा होतो तरी. शेवटी मला बुबी बक्षीस मिळालं, जपानात ते शेवटून दुसऱ्याला देतात. पाच किलो कोशिहिकारी तांदूळ, नवा, निगाताचा.

डिसेंबरात कोल्हापूरला गेलो तेव्हा दोन सात नंबर कागदात गुंडाळून बरोबर नेले. जुना ओतीव आणि नवा घडीव. आण्णांना दाखवायचे होते. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही हातात तोलले, मग परसात गेले आणि दोरीला सुतळी बांधून दोन्ही टांगले. फौंड्रीत माल बाहेर काढल्यावर तडा आहे का हे असंच वाजवून बघतात. खिशातून नाणं काढलं. एकावर टिचकी, कान जवळ. दुसऱ्यावर टिचकी. पुन्हा पहिला. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी.

"दोन्हीबी वाजत्यात," आण्णा म्हणाले. "कुठं तडा न्हाई. मग ह्यात जास्तीचं पैसं कुठं गेलं?"

"वाकवण्यात."

"किती वाकवलंय?"

"दोन अंश."

त्यांनी नवा आयर्न दोरीवरून सोडवला, उजेडाकडं धरला, मानेवरून अंगठा फिरवला. "कुठनं?"

मीही बघितलं. दिसत नव्हतं.